आबांचे फिल्टर

माझ्या वडिलांचा डावा डोळा लहानपणीच गेला होता. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी शेळ्यांमागे हिंडताना बाभळीचा काटा लागला. कुणी त्यात दूध घातलं, कुणी कसल्या पाल्याचा रस पिळला. डोळा जागेवर राहिला, पण त्यातून उजेड आणि सावली एवढंच कळायचं. आम्ही घरातले आणि गल्लीतले सगळेच त्यांना आबा म्हणायचो. आबा गिऱ्हाइकांना हसत सांगत, फोटोग्राफरला एक डोळा मिटावाच लागतो, माझा आधीपासून मिटलेला आहे, तेवढीच मेहनत वाचली.

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या, त्यावर गच्ची. मी एकुलती मुलगी. शाळेतून आले की डार्करूममध्ये त्यांच्याशेजारी स्टुलावर बसायची. घरात महागाची वस्तू म्हणाल तर दोन कॅमेरे, तीन लेन्स आणि अॅल्युमिनियमच्या डब्यात मलमलच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवलेल्या सहा-सात रंगीत काचा. त्यांना आबा फिल्टर म्हणत आणि त्यांना हात लावण्याआधी हात साबणाने धुवायला लावत.

पिवळी, नारिंगी, लाल, हिरवी. ब्लॅक अँड व्हाइटच्या जमान्यातलं ते शहाणपण होतं. फिल्मला आभाळाचा निळा रंग फार उजळ दिसतो, म्हणून फोटोत आभाळ कोऱ्या कागदासारखं येतं आणि ढग नाहीसे होतात. पिवळी काच लावली की निळा थोडा अडतो, ढग दिसू लागतात. नारिंगीने आणखी, लालने तर दुपारचं आभाळ काळंभोर होतं. आबांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. काच ज्या रंगाची तो रंग फोटोत उजळतो, त्याच्या विरुद्धचा काळवंडतो, एवढा एक नियम त्यांनी पाठ केला होता आणि बाकी सगळं करून करून शिकले होते. लग्न जमवायच्या फोटोसाठी एखादी मुलगी आली आणि तिच्या गालावर मुरमांचे डाग असले, तर ते काही न बोलता नारिंगी काच लावत. चेहऱ्यावरचे डाग त्यात पुष्कळ मावळतात.

जयंतीच्या मिरवणुकीचे फोटो दर एप्रिलला तेच काढत. एका वर्षी आभाळात सुरेख ढग होते म्हणून त्यांनी नारिंगी काच लावली. ढग उत्तम आले, पण मिरवणुकीतली सगळी निळी निशाणं काळी आली. आबांनी तो रोल कुणाला दाखवला नाही. त्यानंतर जयंतीला त्यांनी कधीच फिल्टर लावला नाही. आभाळ गेलं तरी चालेल, म्हणायचे, निशाण काळं दिसता कामा नये.

बारावीनंतर मी जळगावला मावशीकडे राहून बी.एस्सी. केलं, फिजिक्स घेऊन. आमच्या भावकीत मुलीने एवढं शिकणं नवीन होतं. तिथल्या प्रयोगशाळेत पोलरॉइडच्या दोन चकत्या होत्या. एक चकती स्थिर धरायची, दुसरी तिच्यासमोर फिरवायची. फिरवता फिरवता एका कोनाला उजेड पूर्ण बंद होतो. दोन्ही चकत्या वेगवेगळ्या पाहिल्या तर साध्या करड्या, आणि एकमेकींना काटकोनात आल्या की समोर अंधार. त्या प्रयोगाला मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

परत आल्यावर मी आबांना पोलरायझर, म्हणजे तशाच चकतीचा लेन्सवर चढवायचा फिल्टर, घ्यायला लावला. तोवर रंगीत फिल्मचे दिवस आले होते आणि त्यांच्या जुन्या काचा फारशा उपयोगाच्या उरल्या नव्हत्या. त्याच हिवाळ्यात रावेरकडच्या एका केळीच्या बागाईतदाराला कॅलेंडरसाठी बागेचे फोटो हवे होते. आम्ही दोघं गेलो. उन्हात केळीची पानं आरशासारखी चमकतात, फोटोत पांढरी पडतात. मी लेन्सवर पोलरायझर चढवला आणि आबांना म्हटलं, आता बघत बघत फिरवा. त्यांनी डोळा लावला, कडी फिरवली आणि थांबले. पुन्हा उलटी फिरवली, पुन्हा सुलटी. पानांवरची चमक जाऊन खालचा हिरवा रंग वर येत होता, पान पुसून घेतल्यासारखा. येताना बसमध्ये त्यांनी पोलरायझर खिशातून काढून पुन्हा फिरवून पाहिला. मग म्हणाले, तीस वर्षं मी काच लावून पुढं जात होतो, काच फिरवायची असते हे कुणी सांगितलंच नाही.

तेव्हापासून ते प्रत्येक गोष्ट मला विचारू लागले. गिऱ्हाइकांशी ते शुद्ध बोलत, माझ्याशी आणि आईशी अहिराणीत. "तू शिकेल शे, तू सांग," असं म्हणून कॅमेरा माझ्या हातात द्यायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, फार आवडायचं.

ग्रहणाची बातमी दिवाळीच्या आधीच सुरू झाली होती. आमच्याकडे खग्रास दिसणार नव्हतं, पण सूर्याचा बराच मोठा भाग झाकला जाणार होता. रेडिओ, टीव्ही, वर्तमानपत्रं सगळीकडे एकच सांगत होते की उघड्या डोळ्यांनी बघू नका, खास चष्मा लावा. गल्लीतल्या लोकांचं वेगळंच चाललं होतं. त्या दिवशी स्वयंपाक करायचा नाही, गरोदर बाईने चाकू धरायचा नाही, दारं बंद ठेवायची. आबांना या गोष्टींची चीड होती. आपण हे सगळं सोडून दिलं, ते काय परत गळ्यात घ्यायला, असं ते म्हणत. जळगावच्या एका दैनिकाच्या ओळखीच्या वार्ताहराने सांगितलं होतं की चांगला फोटो आला तर छापू, नावासह. आबांचं नाव कधी कुठे छापून आलं नव्हतं. गल्ली दाराआड बसलेली असताना आपण गच्चीवर उभं राहून ग्रहणाचा फोटो काढायचा, ही कल्पना त्यांना फारच भावली.

प्रश्न होता लेन्सवर काय लावायचं. सूर्यासाठीचा खास फिल्टर धुळ्यात मिळणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, आपल्याकडे पोलरायझर आहे, आणि नंतर सेकंडहँड घेतलेल्या लांब लेन्सबरोबर आलेला दुसराही आहे. दोन्ही एकमेकांना काटकोनात लावू, वर लाल काच. ग्रहणाच्या दोन दिवस आधी आम्ही तसं करून पाहिलं. उजेड मोजायचा मीटर जे सांगत होता ते वहीत लिहिलं, आकडेमोड केली. मी स्वतः डोळा लावून पाहिलं. सूर्य विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसत होता. बघायला काहीच त्रास होत नव्हता.

आबांनी एकदाच विचारलं. म्हणाले, एकच डोळा आहे, नीट विचार करून सांग.

मी म्हणाले, "आबा, काही होत नाही. उजेडच आत जात नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण त्यातला एक शब्दही मला विसरता आलेला नाही.

त्या दिवशी सकाळी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोरच्या अक्कांनी खिडकीच्या फटीतून आबांना हाक मारली आणि खाली या म्हणून विनवलं. आबांनी हात हलवला. साडेसातच्या सुमाराला सूर्याच्या कडेला पहिली खाच पडली. लांब लेन्समधून सूर्य सारखा सरकत जातो, दर मिनिटा-दोन मिनिटांनी स्टँडवरचा कॅमेरा हलवावा लागतो, पुन्हा फोकस बघावा लागतो. ते आबा करत होते. मी बाजूला बसून वेळ आणि शटर लिहीत होते. मधे एकदा मी क्षणभर डोळा लावला, तेवढाच. आबा डोळा काढतच नव्हते. काय दिसतंय ते मला सांगत होते. कोर झाली, आणखी बारीक झाली, आता नखाएवढी. ऊन पातळ झालं होतं, चिमण्या गप्प झाल्या होत्या, गच्चीवर झुकलेल्या कडुलिंबाच्या सावलीत सगळीकडे छोट्या छोट्या कोरी पडल्या होत्या. मी त्यांना त्या दाखवल्या. त्यांनी खाली पाहिलं, हसले, आणि पुन्हा डोळा लावला. साडेनऊ-पावणेदहापर्यंत हे चाललं होतं. त्यांना इतकं खूश मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, माझा निकाल लागला तेव्हा.

दुखलं काहीच नाही. खाली आलो, जेवलो. मी रोल धुवायला घेतला आणि आबा एका निगेटिव्हला पेन्सिलीने टचिंग करायला बसले. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा पुसला. मग विचारलं की दिवा मंद झालाय का. मी नाही म्हटलं. त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. संध्याकाळी आई चहा घेऊन आली तेव्हा ते पेन्सिल हातात धरून नुसते बसले होते.

म्हणाले, "माले बठ्ठं दिसस, फक्त मधलं नही दिसत."

मी माझा पंजा त्यांच्यासमोर धरला. त्यांना माझं मनगट दिसत होतं, मागची भिंत दिसत होती, भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. बोटं दिसत नव्हती. ती हलवली तरी दिसत नव्हती.

धुळ्याच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि जळगावला डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. आम्ही एसटीने गेलो. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी डोळ्यात औषध घालून बराच वेळ तपासलं, मग कागदावर एक गोल काढून त्याच्या मधोमध पेनाचा ठिपका दिला आणि म्हणाले की एवढीच जागा भाजली आहे, पण बारीक बघण्याचं सगळं काम तीच जागा करते. वाचणं, सुई ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं. भाजलेलं जाणवत नाही, कारण तिथे दुखण्याची सोयच नाही. आबांनी कोणत्या काचा लावल्या होत्या ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, या काचा डोळ्याला दिसणारा उजेड अडवतात, न दिसणारे उष्णतेचे किरण त्यातून सरळ आत जातात. उलट अंधार दिसतो म्हणून माणूस जास्त वेळ बघत राहतो. मग त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे चालेल म्हणून तुम्हाला सांगितलं कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "कोणी नाही. तीस वर्षांचा धंदा आहे माझा, मला वाटलं चालेल."

मी तोंड उघडणारच होते असं मी इथे लिहिलं आहे. खात्री नाही. मला वेळ होता. डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते, आबा चष्मा डोळ्यांवर चढवत होते, पंखा फिरत होता. मी काही बोलले नाही. दिसणाऱ्या उजेडाच्या पलीकडेही किरण असतात हे मला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं. परीक्षेत त्यावर मी टीपही लिहिली होती.

सहा महिने वाट बघा, काहींना थोडं परत येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. आबांना आलं नाही.

फोटो मात्र उत्तम आला होता. कोर अगदी धारदार. मी तो मोठा करून एसटीच्या पार्सलने जळगावला पाठवला होता. तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर छापून आला. आबांनी पेपर हातात घेतला, मान वाकडी करून कडेने बघायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे देऊन खाली काय लिहिलंय ते वाच म्हणाले. खाली लिहिलं होतं, छाया: आमच्या प्रतिनिधीकडून. मी आबांचं नाव वाचलं, गावासकट. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. तो कागद कापून फ्रेम करून स्टुडिओत लावायला सांगितला. मी फ्रेम करताना खालची ओळ कापून टाकली.

गल्लीत कुणी वाईट बोललं नाही. सगळे भेटायला आले. पण येणाऱ्याच्या तोंडात एकच होतं, ग्रहण भोवलं. अक्का तर रडल्या, मी किती हाका मारल्या म्हणाल्या. आबा आधी समजावून सांगत. ग्रहणाने काही होत नाही, सूर्य रोज तेवढाच तापतो, चूक काचेची झाली. लोक मान हलवत आणि बाहेर पडताना आईला एखादा तोडगा सांगून जात. हळूहळू आबांनी समजावणं सोडलं. कुणी ग्रहण भोवलं म्हटलं की हो म्हणू लागले. डोळा गेला त्यापेक्षा मला त्या हो म्हणण्याचं जास्त वाईट वाटलं.

आईचा समज आबांनी डॉक्टरांना सांगितलं तसाच राहिला. ती त्यांना बोलायची, हट्टी आहात, कुणाचं ऐकत नाही, पोरगी एवढी शिकली तिला तरी विचारायचं. हे ती माझ्यासमोर बोलायची. आबा ऐकून घ्यायचे. मीही ऐकून घ्यायची.

दोन महिने त्यांनी काम करून पाहिलं. फोकस बघता येत नव्हता, म्हणून पावलांनी अंतर मोजून लेन्सवरची अंतराच्या आकड्यांची कडी हाताने चाचपून लावत. पासपोर्ट फोटो त्यात निघायचे. मग एका लग्नाला मी येते म्हटलं तरी ऐकलं नाही, एकटे गेले. ओळखीचं घर होतं. सगळ्या रोलमध्ये नवरा-नवरीच्या मागचा पडदा स्वच्छ आला होता, पडद्याच्या झालरीचे मणी मोजता आले असते. माणसं धूसर होती. नवरीचे वडील अल्बम घेऊन आले, काउंटरवर ठेवला आणि बाकावर बसून राहिले. आबाही बसून राहिले. बऱ्याच वेळाने ते गृहस्थ उठले, आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. अल्बम तिथेच राहिला.

त्यानंतर स्टुडिओ मी चालवला, दीड-दोन वर्षं. बायका माझ्याकडे यायच्या, डोहाळजेवणाला मला मुद्दाम बोलवायच्या. पण लग्नात लोकांना व्हिडिओ हवा होता, आणि कॅमेऱ्याला लावलेला डोळा मी लगेच काढून घ्यायची. आबा दुकानात बाकावर बसत. कॅमेऱ्याचा आवाज ऐकत. कधी शटर कमी ठेवलंस म्हणत, आणि ते बरोबर असायचं. मला भडगावच्या शाळेत विज्ञानशिक्षिकेची जागा मिळाली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. दुकान बंद केलं. कॅमेरे गेले, लेन्स गेल्या. त्या रंगीत काचा कुणालाच नको होत्या.

भडगावला जायच्या आदल्या दुपारी आई बाहेर गेली होती. मी आबांसमोर बसले. ते माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या उजव्या कानाकडे बघत होते. समोरचा चेहरा दिसावा म्हणून त्यांना जरा बाजूला बघावं लागायचं, आणि तरी तो पुरता दिसत नसे. मी म्हणाले, "आबा, चूक माझी होती. मी चालेल म्हटलं होतं."

"माले माहीत शे," ते म्हणाले.

मी वाट पाहिली. त्यांनी पुढे काही म्हणावं असं मला वाटत होतं. रागावले असते तरी चाललं असतं. त्यांनी चहा ठेवायला सांगितला. मी ठेवला. दोघांनी घेतला. पुढे ते असेपर्यंत हा विषय आमच्यात निघाला नाही.

नंतर एकदा सुट्टीत मी घरी आले तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत मतदार ओळखपत्रांचे फोटो काढायचं चाललं होतं. मी आबांना घेऊन गेले. खुर्चीवर बसवलं. कॅमेऱ्यावरचा मुलगा घाईत होता, मागे रांग होती. तो म्हणाला, काका, इकडे बघा. आबांनी त्याच्याकडे बघितलं, म्हणजे त्यांना कॅमेरा दिसेल असं बघितलं. मुलगा पुन्हा म्हणाला, इकडे, इकडे, सरळ. आबांनी मान सरळ केली, आणि समोरचा कॅमेरा नाहीसा झाला असणार, कारण त्यांनी घाबरून पुन्हा बाजूला पाहिलं. तेवढ्यात फोटो निघाला. त्या कार्डावर आबा कुणीतरी दारातून हाक मारल्यासारखे भलतीकडेच बघत आहेत.

मतदान त्यांनी आयुष्यात कधी चुकवलं नव्हतं. त्या वर्षीही स्वच्छ शर्ट घालून गेले. मी सोबत आत येते म्हटलं, अधिकारी परवानगी द्यायला तयार होते, पण आबा नको म्हणाले. पडद्यामागे त्यांना बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा बोटाला शाई होती. घरी येताना रस्त्यात म्हणाले की शिक्का मारला, पण कुठे पडला ते काही कळलं नाही.